पानी वाटाले नाही घेतला

जुन्या लुगड्यात बांधून मांडीवर घेतला
तं कंडक्टर मने, बाई, लेकरू कितीक महिन्याचं?
मी मनलं, अकरा.
ग्यारंटी बाराची आहे. एक उरला.
हाफ तिकीट फाडू का, मने तो,
आन पुऱ्या गाडीत खी खी झाली.

दिग्रसले मुंधडाच्या दुकानात
पंख्याखाली पाच खुर्च्या.
घेतानी बसवलं होतं, चहा पाजला होता बशीसकट.
आज उभी.

काय झालं बाई?
जयते, मनलं. दोन मिनिट फिरते,
मंग लोखंड भाजल्यावानी वास सुटते
आन गप होते.
रुसल्यासारखा नाही, मेल्यासारखा.
सांजच्याले पुन्हा जिता.

पोट्ट्यानं भांड्यात ग्लासभर पानी टाकलं,
बटन फिरवलं.
फिरला मेला!
माह्या घरी कधी फिरला नाही इतका गोड फिरला.
पाहा, मने पोट्टा. चालते.

शेठनं वहीतून मान वर केली नाही.
तुमच्या गावची लाइन कमजोर, मने. मशीनमंधी खोट नाही.
आन बिल तं नामदेव तायडेच्या नावानं आहे.
त्याईले आनलं नाही?

ते घरी आहेत.
मिक्सरचं बटन कोन्या अंगाले आहे
हे त्याईले अजून मालूम नाही.
पैसे बचत गटाचे, हप्ता माहा.
नाव इचारलं तवा ते दारात तंबाखू घोटत उभे होते,
त्याईनं त्याईचं सांगतलं.
मी झाकन बरोबर बसते का ते पाहत होती.

शेठ, मनलं,
पानी वाटाले नाही घेतला म्या.
पानी तं न वाटताच पातय राह्यते.

पिशवीतून पुडी काढली.
भिवापुरी. देठं खुडलेली, दोन दिवस उन्हात ठेवलेली,
हातात धरली तं खुयखुय वाजे.
इथं नको बाई, मने पोट्टा.
इथंच, मनलं.
मिरची माही, टेबल तुमचा, लाइन दिग्रसची.

पयल्या मिनिटाले काही नाही.
मंग पोट्टा शिंकला.
फ्रिज पाहाले आलेली नवी जोडी रस्त्यावर गेली,
तो रुमाल धरून, ते पदर धरून.
बाजूचा चप्पलवाला पाहाले आला आन तसाच फिरला.
शेठ उभे राह्यले, डोयाले धारा.
बोलाले तोंड उघडलं तं ठसका,
ठसक्यात मनले काहीतरी, बंद, नाही तं बाप्पा,
समजलं नाही.
बंद कराची गरजच पडली नाही.
तोच पडला. वास आला. तोच वास.

पाहा शेठ, मनलं. चालते.

मंग चिठ्ठी निघाली.
अकोल्याले जाईन कंपनीत, पंधरा दिवस धरा.
नाव?
पंचफुला तायडे.
पोट्ट्यानं नुसता 'पी' लिवला.
पुरं लिव बावा, मनलं, पेन पायजे तं माह्याकडं आहे.
लिवलं त्यानं, नाक पुसत पुसत.
टिंब राह्यलं होतं, ते पन द्याले लावलं.

भांड्यातली मिरची झाडून पुडीत घेतली,
अर्धी भुकटी, अर्धी फोतरं.
ते कायले ठेवू तिथं?

घरी पाटा कोंबड्याच्या खुराड्याले आडोसा मनून लावेल होता.
उचलला, धुतला.
खांदा काही बोलला.
पंधरा दिवस, मनलं त्याले, चिठ्ठी आहे.

राती तुरीच्या सोल्याची भाजी केली.
ते मने, आज मिरची अशी अर्धवट काहून?
मनलं, दुकानातली आहे. जेवा.
शिंक आली तं तोंड तिकडं करजा.